तिसऱ्या डावातला हत्ती

९ जानेवारी

चि. पंडित यास,

आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेता येत नाहीत. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने रचतो, त्यातून मागच्या महिन्यात केवढा घोळ झाला ते तुला माहीत आहे. म्हणून हा मेल.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझ्या काकूचा पाय आता बऱ्यापैकी चालतो. बोलणं पहिल्यासारखं शाबूत आहे, हे पुनर्वसन सेंटरमधला एकूण एक माणूस शपथेवर सांगेल. रुसलाय तो उजवा हात. डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे: घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा चढताना उजव्या हाताला. ज्या दिवशी उजव्या मुठीत कठडा धरता येईल त्या दिवशी घरी. व्यायाम घ्यायला एक फिजिओबाई येतात. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. काकूने तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. म्हणाली, "मी काय बालवाडीत आहे?"

मग मी बुद्धिबळाचा पट नेला. तिसऱ्याच चालीला तिचा हात थरथरला आणि निम्म्या सोंगट्या पलंगाखाली. मी वाकून गोळा करत होतो तर वरून आवाज आला, "पट उचला. आणि ते दीनवाणं तोंडही उचला. आता माझ्यावर दया करून हराल, मला नाही खेळायचं." नंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्यापेक्षा तुमचा बदली बरा होता. तो तोंड तरी पाडत नसे."

बदली तुला आठवतो ना? मी विजेच्या उपकेंद्रात रात्रपाळीला असायचो तेव्हा काकूला खेळायला म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो माझ्यासारखा खेळायचा, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं 'बदली'. तो कॉम्प्युटर कधीच वारला. पण प्रोग्रॅमच्या मूळ फाइली मी जपून ठेवल्यात, सोबत पाठवतोय. सेंटरमध्ये टॅब मिळतो. बोटाने सोंगट्या सरकवायच्या, म्हणजे व्यायामही झाला आणि चेंडूही नको. तुझं तिथे ऑफिसात लोक ऐकतात म्हणे. हे त्या टॅबवर चालेल असं करून देशील का? तिच्या हाताला दुसरं काही भुलवेल असं मला वाटत नाही.

काका

---

१० जानेवारी

ती. काका,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खाली गेलो की वर यायला बायकोला हाक मारावी लागते.

काम सोपं आहे. तुमचा प्रोग्रॅम सी भाषेत आहे. त्याला हल्ली वेबअसेम्ब्ली नावाच्या रूपात कंपाइल करता येतं, म्हणजे तो ब्राउझरच्या पानात चालतो. टॅब कुठलाही असो, आत काही बसवायला नको. काकूने पान उघडायचं की बदली हजर. एका संध्याकाळचं काम आहे. शनिवारी करून टाकतो.

तुमचा पंडित

---

२३ जानेवारी

चि. पंडित,

तुझी संध्याकाळ फार लांबलेली दिसते. तिकडे सूर्य मावळायचा थांबला असल्यास कळव.

इकडे काकूने उजवा हात शालीखाली ठेवायला सुरुवात केली आहे. दाखवतच नाही. मी सकाळी आठला जाऊन खुर्चीत बसतो, रात्री उठवतात तेव्हा उठतो.

काका

---

२४ जानेवारी

ती. काका,

तोंड दाखवायला जागा नाही, तरी लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या फाइलींत तुमचीच एक चार ओळींची फाइल होती. ती चालवली की तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळा प्रोग्रॅम तयार व्हायचा. मी ती पाहून हसलो. माझ्या हुद्द्यात 'आर्किटेक्ट' हा शब्द आहे, चार ओळींत काम करणं आम्हाला शोभत नाही. मी ठरवलं, आधी नीट बिल्ड सिस्टीम उभारायची: एक आज्ञा दिली की कुठली फाइल आधी, कुठली नंतर, काय बदललं, काय नाही, हे सगळं तिने स्वतःच ओळखावं आणि तयार माल बाहेर काढावा. त्यात मग खेळ बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या घातल्या. चाचण्या नापास झाल्या तर मला मेल यावा, हेही घातलं. काका, त्या मेलसाठी मी एक चिन्हसुद्धा काढलं, निळ्या गोलात पांढरा घोडा. नमनालाच घडाभर तेल संपलं. बायको दारातून डोकावून म्हणाली, "काकूंचा खेळ झाला का?" मी म्हटलं, "पाया घालतोय." ती म्हणाली, "आठवडाभर? खाली तळघर काढतोयस का?"

शेवटी ती एक आज्ञा दिली, आणि पहिल्याच पायरीला गाडी अडली. तुमच्या फाइलींत एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम आहे. सुरुवातीच्या चालींचा तक्ता तो बनवतो, आणि तो तक्ता मग मुख्य प्रोग्रॅममध्ये जातो. माझी सिस्टीम इतकी शिस्तीची की तिने समोर दिसेल ते सगळं ब्राउझरसाठी कंपाइल केलं, मदतनीसही. आता मदतनीस ब्राउझरचा झाला, तो माझ्या कॉम्प्युटरवर चालेना; तो चालल्याशिवाय तक्ता नाही, आणि तक्त्याशिवाय खेळ नाही. म्हणजे स्वयंपाक्यालाच डब्यात भरून पाठवला आणि मग जेवण का नाही म्हणून वाट बघत बसलो. हे कळायला मला तीन दिवस लागले. कळल्यावर दोन ओळी बदलल्या: मदतनीस इथल्यासाठी, बाकीचं तिथल्यासाठी.

आता खेळ तयार झालाय. सोबत जोडला आहे. उघडा आणि काकूला द्या. आणि हात शालीखाली ठेवते हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. उशीर माझ्यामुळे झाला.

पंडित

---

२७ जानेवारी

चि. पंडित,

उघडलं. पांढरं पान आलं. काम फार स्वच्छ आहे, कुठे डाग नाही.

काकूला दाखवलं. ती म्हणाली, "बदली रजेवर दिसतोय."

पण हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा घाबरू नकोस, पुढे चालू ठेव.

काका

---

१ फेब्रुवारी

ती. काका,

पांढऱ्या पानाचं पाप माझंच. ही फाइल टॅबवर घेऊन नुसती उघडली की चालत नाही. ती कुठल्यातरी सर्व्हरवरून, म्हणजे वेबसाइटवरून, यावी लागते. हे नवशिक्यांना मी दर वर्षी शिकवतो. त्याच्या स्लाइड्स आहेत माझ्याकडे.

वेबसाइटवर ठेवलं तर पट दिसला, सोंगट्या दिसल्या, आणि पान थिजलं. बोट लावलं तरी ढिम्म. मग तुमचा प्रोग्रॅम पहिल्यांदा नीट वाचला. (सगळी नावं एकाक्षरी का हो? क म्हणजे काय आणि ख म्हणजे काय यात एक रविवार गेला.) त्यात तुम्ही लिहिलंय: समोरच्याची चाल येईपर्यंत इथेच थांब. तुमच्या कॉम्प्युटरवर ते ठीक होतं. ब्राउझरच्या पानात मात्र सगळी कामं एकाच गड्याला असतात. तो दारात उभा राहून वाट बघत बसला की काकूने सोंगटीला बोट लावलं, हे बघायला मागे कुणी उरतच नाही. म्हणून आता तसं नाही. गडी आपल्या कामाला परत जातो, आणि काकूचं बोट लागलं की त्याला हाक जाते. तिने कितीही वेळ घेतला तरी तो तक्रार करत नाही.

आणि जाता जाता तुमच्या हिशेबातली एक जुनी ढोबळ चूक सापडली, तीही काढून टाकली. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. कुठली ते सांगत नाही. बदली आता पहिल्यापेक्षा चांगला खेळतो, एवढी माझ्याकडून भेट.

खाली पत्ता देतो. टॅबवर तो उघडा.

पंडित

---

४ फेब्रुवारी

चि. पंडित,

चाललं रे चाललं!

आधी तिने डाव्या हाताने प्यादं सरकवलं. मी फिजिओबाईंकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे. मग बदलीने त्याची नेहमीची खोड केली, घोडा दोनदा पुढे काढला, आणि काकू म्हणाली, "अगदी मेला तसाच आहे." आणि उजवा हात शालीतून बाहेर आला. एक बोट. ते पटावर टेकेपर्यंत मी श्वास घेतला नसावा, कारण फिजिओबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला काही होतंय का?"

दोन डाव हरली. हरू दे. हरताना ती जी काही बडबडली ती लिहिण्यासारखी नाही. उद्या बघून घेते म्हणाली.

गडी दारात उभा राहण्याचं तू लिहिलंस ते मी फिजिओबाईंना वाचून दाखवलं. चूक झाली. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीही जरा घरी जात जा." आता मला फक्त दुपारी यायची परवानगी आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

काका

---

१२ फेब्रुवारी

चि. पंडित,

काकूने टॅब परत केला. आठवडाभर रोज खेळली आणि रोज हरली. त्याचं काही नाही, ती हरायला कधी भ्यायली नाही. पण परवा रात्री कुणाला काही न बोलता टॅब नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवला. काल मी विचारलं तर म्हणाली, "मी दमले." इतकंच. मला ओळखीचं भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. हात परत शालीखाली.

डॉक्टर पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. घरी दोन कप धुऊन पालथे घालायची सवय मला मोडता येत नाही. एकटा चहा घेतो आणि दोन्ही धुतो.

तू कुठली चूक काढलीस ते आता सांग.

काका

---

१२ फेब्रुवारी, रात्री

ती. काका,

सांगतो. समोरचा सलग दोन डाव हरला, की तिसऱ्या डावात मध्यावर कधीतरी प्रोग्रॅम हत्तीची किंमत प्याद्यापेक्षा कमी धरायचा. मग तो हत्ती उघड्यावर सोडून द्यायचा आणि मार खायचा. मला वाटलं, आधीच्या डावांचा आकडा पुसायचा राहिला असेल आणि तो चुकून हत्तीच्या हिशेबात मिसळत असेल. तिथे तुम्ही काहीही लिहून ठेवलं नव्हतं, नाव फक्त 'ह' होतं. मी त्या तीन ओळी काढल्या. आणि प्रोग्रॅमने पुन्हा कधी हत्ती सोडू नये म्हणून एक चाचणीसुद्धा लिहिली. आता कुणी ती चूक परत घालू बघितली तर मला घोड्याच्या चिन्हासकट मेल येतो.

काहीतरी भलतं केलंय का मी?

पंडित

---

१३ फेब्रुवारी

चि. पंडित,

ती चूक नव्हती.

तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझी रात्रपाळी, परकं गाव, तिची कुणाशी ओळख नाही. बुद्धिबळ मीच तिला शिकवलं होतं, तेव्हा मी बरा खेळायचो आणि ती नवखी. ओळीने हरली की ती पट गुंडाळायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. घरी असलो की मी तिसऱ्या डावात हत्ती जरा उघडा ठेवायचो. तो मारला की तिचा चेहरा असा व्हायचा की मी पुढचा डाव हरलो तरी मला पत्ता नसायचा. मग मी बदली लिहिला, तर त्यालाही ते शिकवलं. त्याच्याजवळ ती रात्रभर एकटी असणार होती.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तिला तर मुळीच नाही. तिला कळलं असतं तर तिने माझा जीव घेतला असता. एवढ्या वर्षांत तिला कधी संशयही आला नाही, त्याचा मला थोडा गर्वच आहे.

ते तीन ओळींचं परत घाल. आणि तिला काही कळता कामा नये.

काका

---

१४ फेब्रुवारी

ती. काका,

घातलं. माझी ती तळघरासकट बांधलेली बिल्ड सिस्टीम शेवटी एकदा उपयोगी पडली: ओळी परत लिहिल्या, एक आज्ञा दिली, आणि चहा उकळायच्या आत बदली पहिल्यासारखा झाला. लगेच मला मेल आला, निळ्या गोलात पांढरा घोडा: "हत्ती उघडा राहतो आहे, चाचणी नापास." पहिल्यांदाच त्या चिन्हाकडे बघून मला लाज वाटली. चाचणी काढून टाकली नाही, उलटी केली. आता हत्ती उघडा राहिला नाही तर मेल येईल.

तिला खेळायला कसं बसवायचं ते माझ्यावर सोडा. मी तिला फिजिओबाईंमार्फत लिहितो. तुमचं नाव येऊ देणार नाही.

पंडित

---

१४ फेब्रुवारी

ती. काकू,

नमस्कार. बदलीने तुला आठवडाभर छळलं, त्याचा गुन्हेगार मी. प्रोग्रॅम नव्या टॅबवर आणताना माझ्याकडून हिशेबात एक तांत्रिक चूक झाली आणि तो वाजवीपेक्षा जास्त कडक खेळायला लागला. आता दुरुस्त केलंय. काकांना यातलं काही माहीत नाही. एकदा खेळून बघशील का? माझ्या समाधानासाठी. इतकं शिकून मला एक खेळ धड करता येत नाही, असं ऑफिसात कळलं तर माझं हसं होईल.

तुझा पंडित

---

१८ फेब्रुवारी

पंडित,

फिजिओबाईंकडून तुझा पत्ता घेतला. हे उजव्या हाताच्या एका बोटाने लिहिते आहे, दोन दिवस पुरवून. म्हणून थोडक्यात. आणि तू खोटं फार वाईट बोलतोस.

हिशेबाची चूक कसली? दोन डाव हरले की तिसऱ्यात हत्ती उघडा. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. काकांना वाटतं मी भोळी आहे. तो हत्ती मी कधी लगेच मारत नसे. दोन-चार चाली उगीच इकडेतिकडे करायची, कपाळाला आठ्या घालायची, आणि मग "अय्या!" म्हणून मारायची. नाहीतर त्यांना कळलं असतं की मला कळलंय. यांच्यापुढे ते करण्यात निदान अर्थ होता. पण यंत्रापुढे रात्री एकटी असतानाही मी तसंच करायची. वेडीच होते.

टॅबवर तिसरा डाव आला, हत्ती जागचा हलेना. म्हटलं बसून बघू. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मला वाटलं यांनीच ते काढलं. आता कशाला असं म्हणून. कंटाळले असतील, रोज येऊन खुर्चीत बसून कोण नाही कंटाळणार? हे मनात आलं आणि मग हातच उचलेना. खरं सांगते, हाताचं दुखणं त्या मानाने काहीच नव्हतं.

तू मुलगा चांगला आहेस पण आधी विचारावं. दुसऱ्याच्या घरातली जुनी वस्तू मोडकी वाटली तरी फेकण्याआधी विचारावं.

आता मी आजारी आहे म्हणून कुणी हरलं तर मला खपणार नाही. पण तो हत्ती मी धडधाकट असताना त्यांनी ठेवला होता. त्यात कीव नव्हती. तो माझा आहे.

आज तिसऱ्या डावात परत दिसला. मी चार चाली थांबले आणि मग मारला. सवयीने "अय्या" म्हणाले. शेजारच्या पलंगावरची बाई दचकली.

काकांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना त्याचा फार गर्व आहे.

काकू

---

१९ फेब्रुवारी

ती. काकू,

तोंड शिवलं. तुम्हा दोघांची गुपितं आता माझ्याकडे आहेत आणि एकमेकांपासून जपायची आहेत. इतकी नाजूक व्यवस्था मी ऑफिसातही कधी सांभाळलेली नाही. तुझं पत्र बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं. नंतर ती उठली, आतल्या खोलीतून पट आणला आणि समोर मांडला. मी दोन डाव हरलो. तिसऱ्याची वाट बघत होतो, तर म्हणाली, "तुला कसली सूट? तू आर्किटेक्ट ना?"

पंडित

---

२६ मार्च

चि. पंडित,

काकू घरी आली.

परवा सकाळी सेंटरची गाडी खाली आली. मी उचलून न्यायला दोन माणसं सांगून ठेवली होती, त्यांना तिने चहा प्यायला पाठवलं. उजव्या हाताने कठडा धरला. मूठ पूर्ण मिटत नाही अजून, पण धरली. प्रत्येक मजल्यावर थांबली. दुसऱ्या मजल्यावर फार वेळ थांबली. मी पाठीमागे होतो, तोंडातून अक्षर काढलं नाही, हातही पुढे केला नाही. तुझ्या गड्यासारखा आपला जागेवर, हाक आली तर जायचं म्हणून. हाक आली नाही. दारात पोचल्यावर मागे वळून म्हणाली, "अजून खालीच? या वर." पंडित, मला जिन्यातच रडू आलं. सांगायला लाज नाही.

टॅब सेंटरला परत दिला. बदलीला तिने पानावरून नमस्कार केला आणि म्हणाली, "आता कायमचा माणूस रुजू झालाय." तुझं काम असं वाया गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. ती सिस्टीम असू दे, पुढेमागे माझी रवानगी झाली तर लागेल.

काल आम्ही खऱ्या पटावर बसलो. दोन सोंगट्या पडल्या, तिने स्वतः उचलल्या. माझं तोंड मी सांभाळलं. दोन डाव मी सरळ जिंकलो, काहीही सूट न देता. तिसऱ्यात माझा हत्ती जरा उघड्यावर राहिला. तिच्या ते लवकर लक्षातच येईना. कपाळाला आठ्या, इकडची सोंगटी तिकडे, घोडा पुढे, घोडा मागे. मी छताकडे बघत बसलो. मग एकदम "अय्या!" म्हणून झडप घातली, आणि चेहरा अगदी तेव्हासारखा.

इतकी वर्षं झाली, अजून काही कळलेलं नाही. बिचारी.

काका